फाल्गुन-चैत्रातला तीन दिवसांचा हवामान अंदाज: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस आपल्याकडे फार कामाचे. गच्चीवर वाळवणं, देपालपूर-सांवेरच्या शेतात गव्हाची कापणी, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि परीक्षा संपल्या की पुण्याचा नाहीतर काश्मीरचा प्रवास. नेमक्या याच दिवसांत आभाळ भरवशाचं नसतं. सकाळी लख्ख ऊन आणि संध्याकाळी गारा, असं मालव्याने कितीदा तरी पाहिलं आहे. अंदाज रोज मिळतो, फुकट मिळतो आणि तो चांगला असतो. पण तो नीट वाचला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे घेतलं आहे.

तीन दिवसांचा अंदाज म्हणजे नेमका कोणता? रोज इतके अंदाज येतात!

भारतीय हवामान विभाग वेगवेगळ्या मुदतीचे अंदाज देतो. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा असतो, तो जिल्हावार येतो. तीन दिवसांपर्यंतचा असतो तो अल्प मुदतीचा. तीन ते दहा दिवसांचा मध्यम मुदतीचा आणि त्यापुढे चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित. घरच्या आणि शेतातल्या बहुतेक निर्णयांना अल्प मुदतीचा अंदाज लागतो, आणि तोच सर्वांत कमी लोक उघडून पाहतात. पेपरातला मथळा वाचून काम भागवलं जातं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या ऋतूत तीन दिवसांचा अंदाज "कोणत्या दिवशी, कोणत्या भागात" हे बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. "किती वाजता, कोणत्या कॉलनीत" हे तो सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही. दिवस ठरवायचा तो तीन दिवसांच्या अंदाजावर, वेळ ठरवायची ती त्या दिवसाच्या तीन तासांच्या इशाऱ्यावर. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

या दिवसांत देशभर एकूण काय चाललेलं असतं?

एकाच दिवशी देशात चार वेगळे ऋतू असावेत, असं चित्र असतं. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ आणि पाऊस. पंजाब-हरियाणा-दिल्लीकडे अधूनमधून ढग, गडगडाट आणि थंड वारा. ईशान्येत, म्हणजे आसाम-मेघालय-अरुणाचलकडे, विजांसह पाऊस. बंगाल आणि झारखंडात दुपारनंतर उठणारी वादळं, ज्यांना बंगालात कालबैसाखी म्हणतात. ती छोटा नागपूरच्या पठाराकडून येतात आणि चैत्र-वैशाखात जोर धरतात. केरळ आणि कर्नाटकाच्या दक्षिण भागात मार्च-एप्रिलमध्ये सरी पडतात. आंब्याला त्या उपयोगी आणि कूर्गच्या कॉफीचा मोहोर तर त्यांच्यावरच फुलतो. ओडिशा, रायलसीमा आणि विदर्भाकडे पारा चढायला लागलेला असतो.

मध्य भारत, म्हणजे आपण, या सगळ्याच्या मधोमध. उत्तरेकडून थंड कोरडी हवा, अरबी समुद्राकडून दमट, बंगालच्या उपसागराकडूनही दमट. या हवा एकमेकींना जिथे भेटतात तिथे ढग उभे राहतात. मार्चमध्ये ही भेट कधी विदर्भावर होते, कधी बुंदेलखंडावर, कधी मालव्यावर. म्हणून देशाचा नकाशा पाहिल्याशिवाय इंदूरचा अंदाज समजत नाही. नुसता "इंदूर" एवढाच शब्द शोधू नका.

काश्मीरला बर्फ पडला तर इंदूरला त्याचं काय?

बरंच काही. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणाऱ्या हवेच्या लाटा पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत येतात. इथले हिंदी पेपर त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, पुण्याचे पश्चिमी झंझावात. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्यामुळेच मालव्यात मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, होतो आणि तो गव्हाला मानवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच पाऊस दाणा भरलेल्या पिकावर पडतो, तेव्हा तो अवकाळी ठरतो.

या लाटेचा मुख्य भाग हिमालयावरून जातो. पण ती जोरदार असली तर तिच्या प्रभावाने राजस्थानावर खालच्या थरात चक्राकार वारे तयार होतात, आणि ते अरबी समुद्राची ओल आपल्याकडे ओढून घेतात. आपल्याला पाऊस देतं ते हे राजस्थानवरचं चक्र. म्हणून विभागाच्या पत्रकात नुसतं "पश्चिमी विक्षोभ सक्रिय" असं वाचून घाबरू नका. त्याच परिच्छेदात पुढे "राजस्थान आणि लगतच्या भागावर चक्रवाती परिसंचरण" (म्हणजे हेच चक्राकार वारे) आहे का ते पाहा, आणि अरबी समुद्राकडून ओल येत असल्याचा उल्लेख आहे का तेही पाहा. दोन्ही असतील तर पुढच्या एक-दोन दिवसांत पश्चिम मध्य प्रदेशाने सावध राहायला हवं.

क्रमही ओळखीचा होतो. लाट येण्याआधी वारा दक्षिणेकडून यायला लागतो आणि दिवस-रात्र दोन्ही उबदार होतात. ढग आले की रात्रीचा पारा खाली उतरत नाही. मग गडगडाट. लाट पुढे सरकली की उत्तरेचा वारा सुटतो आणि किमान तापमान तीन-चार अंशांनी उतरतं. होळी झाली म्हणून स्वेटर माळ्यावर टाकले आणि आठवड्यात परत काढावे लागले, असं होतं ते यामुळेच.

इशाऱ्याचं वाक्य कसं वाचायचं? सगळी वाक्यं सारखीच वाटतात.

इथे थोडं थांबू, कारण खरी चावी इथेच आहे. मार्चमध्ये हमखास दिसणारं एक वाक्य घेऊ: "पश्चिम मध्य प्रदेशात एक-दोन ठिकाणी मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलका पाऊस, तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता."

"पश्चिम मध्य प्रदेश" हा हवामान विभागाने आखलेल्या देशातल्या ३६ उपविभागांपैकी एक. इंदूर, उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर सगळे त्यात येतात. म्हणजे हे वाक्य ग्वाल्हेरसाठीही असू शकतं आणि आपल्या डोक्यावर दिवसभर ऊन राहू शकतं. म्हणून उपविभागाचं वाक्य वाचून झालं की भोपाळच्या हवामान केंद्राचं जिल्हावार पत्रक उघडा आणि त्यात इंदूर, देवास, धार, उज्जैन ही नावं आहेत का पाहा.

"एक-दोन ठिकाणी" किंवा "तुरळक ठिकाणी" याला मोजमाप आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर हा शब्द येतो. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, आणि "बहुतेक ठिकाणी" म्हणजे त्याहून जास्त. तुरळक ठिकाणचा इशारा होता आणि तुमच्याकडे थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असं नाही. चारपैकी तीन ठिकाणी पडणार नाही, असंच तो सांगत होता. पण इंदूरच्या राजेंद्र नगरात कोरडं आणि जवळच्या महूला गारा, हेही त्याच वाक्यात बसतं.

"हलका पाऊस" म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. मध्यम म्हणजे ६४.४ पर्यंत. त्यापुढचा जोरदार, पण तो मार्चमध्ये इथे विरळाच. म्हणून या ऋतूत पावसाच्या आकड्याकडे बघत बसू नका. नुकसान करतात ते वारा, वीज आणि गारा, आणि ते तिन्ही शब्द त्याच वाक्यात लिहिलेले असतात. ताशी ३०-४० चा वारा वाळत घातलेल्या चादरी उडवतो, ५०-६० चा मांडवाचे खांब हलवतो, पत्रे उचकटतो आणि भरल्या ओंबीचा गहू आडवा करतो. आधी वाऱ्याचा आकडा पाहायची सवय लावून घ्या.

पिवळा, नारिंगी, लाल: यात घाबरायचं केव्हा?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. मार्चमध्ये बहुतेक वेळा पिवळाच असतो आणि म्हणून लोक तो सोडून देतात. ज्याचा गहू उघड्यावर पडला आहे त्याने पिवळ्यावरच हालचाल करावी. शहरात पक्क्या घरात बसलेल्याने दर तासाला पाहिलं नाही तरी चालेल.

पाऊस काल रात्री पडला, पण नोंदीत आजची तारीख का?

पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. ४ तारखेच्या रात्री दहाला पडलेला पाऊस ५ तारखेच्या सकाळी मोजला जातो. अंदाजातला "पहिला दिवस"ही उद्या सकाळी साडेआठपर्यंतच चालतो. गच्चीवर काही घालणार असाल तर हा हिशेब चुकवू नका: "दुसरा दिवस" उद्या सकाळी साडेआठला सुरू होतो आणि परवा सकाळी साडेआठला संपतो.

मोबाइलवर पंधरा दिवसांचं हवामान दिसतं. ते धरून चालावं का?

तापमानाचा साधारण कल कळण्यापुरतं, हो. पंधरा दिवसांनंतरच्या मंगळवारी दुपारी पाऊस दाखवला असेल, तर त्यावर मुंजीचा हॉल बदलू नका. गडगडाटी ढग काही तासांत तयार होतो आणि संपतो. तो दोन आठवडे आधी कुणालाच दिसत नाही. शिवाय मोबाइलमधली बरीच ॲप्स संगणकाने काढलेला आकडा तसाच दाखवतात. विभागाच्या अंदाजामागे अनुभवी माणूस बसलेला असतो, जो अनेक गणितं एकमेकांशी ताडून पाहतो.

"पावसाची शक्यता ४० टक्के" म्हणजे?

अशी परिस्थिती दहा वेळा आली तर साधारण चार वेळा तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल, एवढंच. चाळीस टक्के वेळ पडेल किंवा चाळीस टक्के इंदूर भिजेल, असा त्याचा अर्थ नाही.

तापमानाच्या अंदाजावर किती विसंबावं?

पावसापेक्षा कितीतरी जास्त. पुढच्या दोन-तीन दिवसांचं कमाल-किमान सहसा दोन अंशांच्या आतबाहेर निघतं. मार्चमध्ये इंदूरचं सरासरी कमाल ३४ अंशांच्या आसपास असतं आणि हवा कोरडी असल्यामुळे दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचा फरक सहज पडतो. आपण पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. मालव्याच्या संध्याकाळी थंड होतात त्यामागे ही उंची आहे आणि कोरडी हवाही आहे. अंदाजात ढग असतील तर मात्र दुपार थोडी कमी तापेल आणि रात्र कमी निवेल.

"सरासरीपेक्षा ३ अंश जास्त" असं लिहिलं असेल, तर ती सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची आहे. आपल्या लहानपणचा फाल्गुन तिच्या आधीचा, हे लक्षात असू द्या.

वाळवणं घालायची आहेत. कुठला अंदाज पाहून गहू भिजवायचा?

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यांत जास्त येतो आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण घरातल्या बाईची आठवडाभराची मेहनत त्यात असते.

पदार्थ दोन प्रकारचे आहेत. बटाट्याचा कीस, वेफर्स, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे यांचं आज ठरवून उद्या सकाळी काम सुरू होतं. त्यांना दोन, फार तर तीन दिवस खणखणीत ऊन लागतं. इथे तीन दिवसांचा अंदाज अगदी बरोबर बसतो. संध्याकाळी पाहा, कोरडा असेल तर बटाटे आणा.

गव्हाच्या कुरडयांचं तसं नाही. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून सोऱ्याने घालायचा. म्हणजे ऊन हवं ते पाचव्या, सहाव्या आणि सातव्या दिवशी. आज गहू भिजवताना तीन दिवसांचा अंदाज पाहून उपयोगच नाही. तो चीक काढायच्या आधीच संपतो. इथे विभागाचा सात दिवसांचा अंदाज पाहावा, आणि पाहताना एकच गोष्ट शोधावी: त्या सुमारास नवा पश्चिमी विक्षोभ हिमालयात पोहोचणार आहे का? असेल तर गहू चार दिवस उशिरा भिजवा. नसेल तर भिजवा, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाहा. तेव्हा पुढचे दिवस अल्प मुदतीच्या टप्प्यात आलेले असतात. ऐनवेळी आभाळ आलंच, तर चीक फ्रिजमध्ये एक-दोन दिवस थांबतो. घातलेली ओली कुरडई मात्र थांबत नाही.

आणखी एक. नुसत्या ढगाळ हवेतही वाळवण बिघडतं, पाऊस पडायलाच हवा असं नाही. अंदाजात "अंशतः ढगाळ" असलं की बारीक पदार्थ घालावेत, जाड नकोत. दुपारची हवा कोरडी असेल तर कीस अर्ध्या उन्हातही वाळतो. आणि ज्या दिवशी गडगडाटाचा इशारा असेल त्या दिवशी प्लास्टिकचा कागद नुसता अंथरू नका, चार कोपऱ्यांवर विटा ठेवा. वादळाआधीचा वारा पावसाच्या कितीतरी आधी पोहोचतो.

गहू अजून शेतात उभा आहे. पाणी द्यावं, कापावा, की थांबावं?

सांवेरच्या एका काकांनी हाच प्रश्न तीन भागांत विचारला होता, तसंच उत्तर देतो.

पाणी: दाणा भरताना शेत ओलं असेल आणि त्यावर ४० किलोमीटरचा वारा आला, तर मुळं सैल झालेल्या मातीतून पीक आडवं होतं. म्हणून पुढच्या दोन दिवसांत वाऱ्यासह पावसाचा इशारा असेल तर पाणी थांबवा. उलट, अंदाज कोरडा असून पारा सरासरीच्या बराच वर जाणार असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. उष्णतेने दाणा आखडतो, त्यातून तेवढाच वाचतो.

कापणी: पक्व गव्हाला तीन कोरडे दिवस दिसत असतील तर तो कापून, मळून, आत घेऊनच श्वास घ्या. पिकलेला दाणा भिजला की त्याची चमक जाते आणि मंडीत बोली खाली येते. सरकारी खरेदीत ओल १२ टक्क्यांच्या आत लागते, तेव्हा भिजलेला माल परत वाळवण्यात दिवस जातात. इशारा उद्याचाच असेल तर नवी कापणी सुरू करू नका. उभा गहू एक हलकी सर सोसतो, कापून पसरलेला सोसत नाही.

ढीग: खळ्यावर असेल तर ताडपत्री खालूनही हवी, नुसती वरून नको. लसूण काढून उघड्यावर सुकत असेल तर तोही त्याच दिवशी आत घ्या. हरभरा बहुतेकांचा तोवर निघालेला असतो. मंडीत ट्रॉली न्यायची असेल तर सकाळी न्या. या ऋतूतले ढग दुपारी तीननंतर उठतात, जमीन सर्वांत तापलेली असते तेव्हा.

गारा आपल्याकडे पडतील की नाही, हे आधी का सांगता येत नाही?

गारांचा पट्टा अरुंद असतो. एका गावात पीक झोडपलं जातं आणि शेजारच्या गावात पान हलत नाही. अशी परिस्थिती तयार होणार, हे दोन दिवस आधी सांगता येतं: खालची हवा दमट आणि तापलेली, वरची अतिशय थंड. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवेत ज्या उंचीच्या खाली बर्फ वितळायला लागतो, ती उंची पावसाळ्यापेक्षा कमी असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमिनीवर येते. म्हणून श्रावणात इतके ढग असूनही गारा पडत नाहीत आणि फाल्गुनात एका ढगातून पडतात. पण नेमका कोणता ढग गार घेऊन कुठे रिता होईल, ते तो ढग उभा राहिल्यावरच रडारवर दिसतं. भोपाळच्या रडारचा किरण इंदूरपर्यंत पोहोचेतो जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर वर गेलेला असतो, त्यामुळे खालच्या थरातलं बरंच त्याला दिसत नाही.

२०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात गारपिटीचे फेरे येतच राहिले. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं सगळं गेलं. त्यानंतर गारांच्या इशाऱ्याला "एवढंसं" म्हणणं मला तरी जमत नाही.

विजेचं काय? मार्चमध्येही पडते?

पडते, आणि पावसाळ्यासारखी तयारी नसल्याने धोका जास्त. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. तीसच्या आत आवाज आला तर आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. झाडाखाली उभं राहू नका, ट्रॅक्टरवर बसून राहू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" हे ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

रंगपंचमीच्या गेरीला पाऊस येईल का?

तीन दिवस आधी पाहा, त्याआधी नाही. गेर सकाळी निघते आणि दुपारपर्यंत राजवाड्याच्या भागात गर्दी असते. ढग बहुतेक दुपारनंतरचे, त्यामुळे अडचण क्वचित येते. वाऱ्याचा इशारा असेल तर मुलांना जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली आणि होर्डिंगखाली उभं करू नका.

मार्चमध्येच उष्णतेची लाट? विभाग तर काही जाहीर करत नाही.

कारण नियम. मैदानी आणि पठारी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर हवं, तेव्हा लाट धरतात. किंवा पारा थेट ४५ ला पोहोचायला हवा. इंदूरची मार्चमधली सरासरी ३४ च्या आसपास. समजा पारा ३९ झाला. सरासरीपेक्षा पाच अंश जास्त, गव्हाला भरपूर त्रास, पण ४० नाही म्हणून लाट नाही. म्हणून मार्चमध्ये "लाट" हा शब्द शोधत बसू नका, "सरासरीपेक्षा किती जास्त" हा आकडा शोधा.

२०२२ चा मार्च देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडे गव्हाचा दाणा आखडला आणि १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. २०२५ चा फेब्रुवारीही १९०१ पासूनचा सर्वांत उबदार फेब्रुवारी होता. वसंत आखूड होत चालला आहे, हे आपल्या गच्चीवरूनही जाणवतं.

पुण्या-मुंबईला किंवा नागपूरला जायचंय. तिकडचं काय पाहायचं?

मुंबई आणि कोकणात फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक पारा ३८ च्या वर जातो. जमिनीकडून पूर्वेचे वारे जोर धरतात आणि दुपारचा समुद्री वारा उशिरा येतो, त्याने हे होतं. किनाऱ्यासाठी लाटेचा नियमही वेगळा, तिथे ४० ऐवजी ३७. आजी-आजोबांना घेऊन जात असाल तर पत्रकातला कोकणाचा परिच्छेद वाचा, "उष्ण व दमट" हे शब्द शोधा. पुण्यात दुपार कडक, पहाट सुखद. नागपूरला निघताना गारपिटीचा इशारा पाहावा. विदर्भात मार्चमध्ये तो वारंवार येतो.

काश्मीरला ट्युलिप पाहायला किंवा वैष्णोदेवीला निघालो आहोत.

मार्च हा श्रीनगरच्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. आपल्याकडे उन्हाळा लागला म्हणजे तिकडे आभाळ स्वच्छ, असं होत नाही. जोरदार विक्षोभाच्या दिवसांत जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबनजवळ दरडींनी बंद पडतो आणि कटऱ्याहून हेलिकॉप्टर उडत नाही. निघायच्या तीन दिवस आधी पाहा आणि विक्षोभ येत असेल तर रस्त्याचा दिवस पुढे-मागे करा. विक्षोभ दोन-तीन दिवसांत पुढे सरकतो, आणि त्यानंतरचं आकाश फार सुंदर असतं. परतीच्या तिकिटाआधी एक मोकळा दिवस ठेवाच.

हा अंदाज तयार कोण करतं, कसा?

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि म्हणून शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला आजही "सिमला ऑफिस" म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं. जमिनीवरची केंद्रं, ठरावीक ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडलेले फुगे, जहाजं, विमानं, इन्सॅट उपग्रह, रडार या सगळ्यांची मोजमापं महासंगणकात जातात. पुण्याचा "अर्क" आणि नोएडाचा "अरुणिका" हे सप्टेंबर २०२४ पासून कामावर आहेत. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिममध्ये देशाचे सहा किलोमीटरचे चौकोन पाडले जातात. आधी ते बारा किलोमीटरचे होते. तरी राजेंद्र नगर ते विजय नगर यांच्यात दोन-तीनच चौकोन बसतात. गल्लीचा अंदाज का मिळत नाही, ते यावरून समजेल.

पेपरातला अंदाज आणि मोबाइलवरचा वेगळा का?

सकाळच्या पेपरात आदल्या दिवशीच्या पत्रकाची माहिती असते. पत्रक दिवसातून अनेकदा बदलतं. नवं असेल ते धरा.

मग रोज नेमकं कुठे पाहायचं?

विभागाचं "मौसम" ॲप आणि भोपाळ केंद्राचं पत्रक रोज संध्याकाळी एकदा. गडगडाटाचा इशारा असलेल्या दिवशी दुपारी दोनपासून तीन तासांचा जिल्हा इशारा, सोबत "दामिनी". आपत्तीचे इशारे "सचेत" ॲपवर येतात. शेतीसाठी "मेघदूत", त्यात जिल्हावार कृषी सल्ला असतो. हा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तेव्हा पाण्याचा आणि कापणीचा विचार त्या दोन संध्याकाळी करावा.